खंदकाच्या काठाकाठानं: रायतूर ते खोल, दोन दिवसांत चार कोट

गोव्यातला किल्ला म्हटलं की गाड्या आग्वाद नाहीतर शापोऱ्याकडं वळतात, आणि दोन्हीकडं डिसेंबरात उन्हं वर आली की पाय ठेवायला जागा नसते. मडगावकरांच्या हाताशी, तासाभराच्या प्रवासात चार कोट आहेत. रायतूर, चांदर, बेतूल आणि खोल. यातले पहिले दोन तर पोर्तुगीज गोव्यात उतरण्याआधीचे. शनिवार-रविवार मिळून चारही होतात, बरंचसं अंतर पायी कापता येतं आणि रात्री झोपायला घरी परतता येतं.

आधीच सांगायला हवं, की चारांपैकी किल्ला म्हणून धड उभा आहे तो एकच, खोलगड. बाकी तिन्हीकडं तट कुठं गेला ते शोधावं लागतं. कारण सरळ आहे. गोव्यात घर बांधायचा दगड म्हणजे जांभा, आपल्याकडचा चिरा. ओस पडलेला तट म्हणजे तासून तयार असलेल्या चिऱ्यांची फुकटची खाण. तीनशे वर्षांत ती खाण घरांना, विहिरींना, कुंपणांना पुरली. खंदक मात्र राहिले. खड्डा कुणी उचलून नेत नाही. म्हणून या दोन दिवसांत नजर वर बुरुजाकडं नको, खाली जमिनीकडं हवी. अचानक उतरणारी लांबट सखल पट्टी, पाणी धरून ठेवणारी वाकडी शेतं, दोन घरांच्या मधली विनाकारण खोल घळ, यांवरून कोट ओळखायचा.

शुक्रवार, संध्याकाळ

हंगाम नोव्हेंबरच्या मध्यापासून जानेवारी संपेपर्यंतचा. ऑक्टोबरात गवत छातीपर्यंत असतं, आणि पावसाचं पाणी प्यायलेल्या भिंती वाळत असताना ढासळतात. फेब्रुवारीनंतर सड्यावरचा, म्हणजे जांभ्याच्या उघड्या पठारावरचा, दगड सकाळी दहालाच पोळायला लागतो. डिसेंबरात सूर्य पावणेसातच्या पुढं उगवतो आणि सहाच्या सुमारास मावळतो. म्हणजे हातात अकरा तास आहेत असं धरून चालावं आणि साडेनऊच तासांचा बेत आखावा.

पाणी शनिवारी माणशी दोन लिटर पुरतं, कारण वाटेत गावं आहेत. रविवारी तीन लिटर हवंच. बेतूलचा चढ संपल्यावर खोलपर्यंत रविवारी सकाळी उघडं दुकान सापडेलच असं नाही. साधं पाणी पीत राहून घाम गाळला की दुपारी डोकं चढतं, पिंडऱ्यांत गोळे येतात. एका बाटलीत मीठ-साखर-लिंबू किंवा ओआरएस असू द्या.

बूट जुने चालतील, तळ झिजलेले चालणार नाहीत. जांभ्यावर सुटी लाल खडी पसरलेली असते आणि उतारावर ती पायाखाली गोट्यांसारखी फिरते. लांब पँट घाला, पण हाफ पँटपेक्षा बरी दिसते म्हणून नाही, तर खाजकुइलीसाठी. तिच्या शेंगा नेमक्या याच दिवसांत वाळतात आणि वरची सोनेरी लव वाऱ्यानंही उडते. अंगाला लागली तर चोळायचं नाही, चोळलं की कुसं आत शिरतात. रुंद चिकटपट्टी लावून ओढायची, मगच पाण्यानं धुवायचं. पट्टीचं एक रीळ, क्रेप बँडेज, टोपी आणि सुट्टे पैसे एवढं पिशवीत असलं की झालं. नकाशा फोनमध्ये उतरवून ठेवा, सड्यावर रेंज येते-जाते. रविवारची भरती-ओहोटीची वेळही आजच बघून ठेवा.

डब्यात नारळाचं वाटण घातलेलं काही नको. उंडो, म्हणजे गोव्याचा गोल पाव, आणि पातळ भाजी हा जगातला उत्तम नाश्ता असेल, पण पिशवीत पाच तास राहिला की भाजी आंबते. पोळीत सुकी बटाट्याची भाजी, केळी, खजूर, भाजलेले चणे. पातळ भाजी मडगावात बस पकडण्याआधी खाऊन घ्यावी.

शनिवार: रायतूर, कुडतरी, चांदर

सकाळी सातच्या आसपास मडगावच्या कदंब, म्हणजे गोव्याच्या एसटीच्या, स्थानकावरून राय गावची बस धरायची. थेट राशोलची (रायतूरचंच दुसरं नाव) मिळाली तर उत्तम, नाहीतर रायहून पुढं चालत जाता येतं. सेमिनरीच्या, म्हणजे पाद्री घडवणाऱ्या विद्यालयाच्या, टेकडीकडं चढणारा रस्ता एका दगडी कमानीखालून जातो. तोच रायतूरच्या कोटाचा दरवाजा, आणि उभा असलेला जवळजवळ एकुलता एक भाग. स्कूटरवाले त्याच्याखालून रोज जातात आणि मान वर करत नाहीत.

हा कोट बहामनींच्या काळातला. पुढं तो विजापूरच्या आदिलशाहीत आला, विजयनगरच्या फौजेनं जिंकला, आणि कृष्णदेवरायानं १५२० मध्ये पोर्तुगिजांच्या हवाली केला. साष्टी, म्हणजे मडगावभोवतालचा तालुका, कायमची पोर्तुगिजांची झाली ती मात्र १५४३ मध्ये. त्यानंतर हे साष्टीचं लष्करी ठाणं झालं. डिसेंबर १६८३ मध्ये संभाजी महाराजांच्या फौजा साष्टीत उतरल्या तेव्हा हाच कोट आडवा आला होता. इतकी ओढाताण कशासाठी, ते कमानीतून पुढं जाऊन नदीकडं वळलं की कळतं. खाली झुआरी, पलीकडं शिरोडा. हा उतार ज्याच्या ताब्यात, त्याच्या हाती साष्टीचं ईशान्येकडचं दार.

खंदक बघायचा तर कमानीतून आत न जाता आधी बाहेरच दोन्ही बाजूंना थोडं चाला. रस्त्याच्या भरावाखाली तो दबला आहे, पण कडेला जमीन एकदम माणूसभर खाली जाते आणि तिथं झाडी दाट, ओलसर असते. माती वाहून येऊन तळ भरला आहे, कुठं कुठं लागवडही होते. बाजूची चढण मात्र नैसर्गिक टेकडीपेक्षा फार सरळ आहे. ती माणसानं कापलेली. झाडीत उतरू नका. खंदकाच्या पानगळीत घोणस असते, आणि ती सळसळ ऐकून पळत नाही, जागची हलत नाही.

टेकडीवरची सेमिनरी १६१० पासून इथं आहे. मराठी वाचकानं या भिंतीपाशी मिनिटभर तरी थांबावं, कारण फादर थॉमस स्टीफन्स यांचं क्रिस्तपुराण १६१६ मध्ये इथंच राशोलला छापलं गेलं, ओव्या मराठी आणि लिपी रोमन. छापखाना कोटाच्या आत असणं हेही त्या काळाचं एक लक्षणच. इमारतीत विद्यार्थी राहतात, त्यामुळं आत जायचं तर आधी परवानगी काढावी. नुसतं दार उघडं दिसलं म्हणून शिरू नये.

रायतूरला तास-सव्वातास पुरे. पुढं कुडतरी आणि गिरदोलीवरून चांदर, सगळं मिळून दहा-बारा किलोमीटर. डांबरी रस्ता सोपा आहे, सावलीही आहे. ज्यांना खाजनाच्या, म्हणजे खारं पाणी अडवून केलेल्या शेतीच्या, बांधावरून थोडं चालायचं असेल त्यांनी तीन गोष्टी ध्यानात ठेवाव्यात. एक, बांधाला खांड पडली असेल तर ती दुरून दिसत नाही, जवळ गेल्यावर चार-पाच हात रुंद वाहतं पाणी समोर येतं आणि आल्या वाटेनं परतावं लागतं. म्हणून निघण्याआधी शेतात दिसेल त्याला विचारायचं. दोन, मानशीची फळी ओलांडण्यासाठी नाही. मानस म्हणजे भरतीचं खारं पाणी अडवणारं आणि ओहोटीला शेतातलं पाणी सोडणारं दार. भरती-ओहोटीच्या मध्यावर तिथं ओढ जबरदस्त असते आणि मासे पकडण्यासाठी जाळी लावलेली असते. पाय घसरला तर माणूस त्या जाळ्यात अडकतो. मानशीला दगडी किंवा काँक्रीटचा पूल असेल तरच पलीकडं जा. तीन, बांधाच्या उतारावरचा चिखल वरून वाळलेला दिसतो, आत मऊ असतो. पाय बांधाच्या माथ्यावरच ठेवायचा.

कुडतरीला साष्टीचं धान्याचं कोठार म्हणतात ते तळ्यांच्या जिवावर. सां आलेक्सच्या चर्चलगतचं रायतळें या वाटेवरचं विसाव्याचं ठिकाण. पावसाळी पीक निघालं की तळ्यात साठवलेलं पाणी वायंगण, म्हणजे पावसाळ्यानंतरच्या भातशेतीला सोडतात. त्यामुळं डिसेंबरात तळं भरलेलं, शेतं नांगरलेली आणि आकाशात अडई बदकांचे थवे, असा नेमका बेत जमतो. इथं पाणी भरून घ्या, नाश्ता करा. अकराच्या आत इथून हललं पाहिजे. पुढच्या टप्प्यात दुतर्फा घरं आणि कुळागरं असली तरी ऊन चढलेलं असतं.

चांदरला बारा-साडेबाराला पोचलं तरी लगेच कोटाकडं धावायचं नाही. माथ्यावरच्या उन्हात तिथं काहीच दिसत नाही, हे अक्षरशः खरं आहे. जमिनीचे चढउतार वीतभराचे, हातभराचे. सावली आडवी पडली तरच ते उठून दिसतात. म्हणून जेवण उरकायचं, चर्चसमोरच्या चौकात, ब्रागांझांच्या लांबलचक वाड्याच्या अंगाला सावली शोधून बसायचं आणि तीननंतर निघायचं. पुरातत्त्वाचे लोक अशा जागा सकाळी लवकर नाहीतर संध्याकाळी बघतात, त्यांचंच अनुकरण करावं.

चांदर म्हणजे जुनं चंद्रपूर. शिरोड्याला सापडलेल्या भोज राजा देवराजाच्या ताम्रपटात चंद्रउर हे नाव येतं, आणि तो ताम्रपट चौथ्या शतकाच्या आसपासचा मानतात. पुढं गोव्याच्या कदंबांनी इथं राजधानी केली आणि अकराव्या शतकाच्या मध्यावर ती झुआरीच्या मुखाजवळ गोपकपट्टणला हलवली. कदंबांच्या राजधानीतून परतताना कदंबचीच बस धरायची, हा योग गोव्यातच.

कोट नावाच्या वाड्यावरची संरक्षित जागा छोटी आहे, आणि पहिल्या नजरेला निराशा करणारी. कुंपण, फलक, गवत, विटांचा पाया आणि एक मुंडकं नसलेला दगडी नंदी. इतिहाससंशोधक फादर हेरास यांनी १९२९ मध्ये इथं उत्खनन केलं, नंतर पुरातत्त्व खात्यानंही केलं. हा पाया शिवमंदिराचा. विटांकडं नीट बघा. आजच्या विटेपेक्षा त्या बऱ्याच मोठ्या आणि चपट्या आहेत. चिऱ्याच्या मुलखात कुणी विटा भाजून देऊळ बांधतो म्हणजे तो जुना काळ, चिरा हाच घराचा दगड होण्याआधीचा. विटेवर पाय देऊ नका. शेकडो पावसाळे मातीखाली टिकलेली वीट उघड्यावर आली की दोन-चार वर्षांत भुगा होते. सुटा तुकडा आठवण म्हणून खिशात टाकणं हा तर गुन्हाच आहे.

तटाची रेघ मात्र कुंपणाच्या बाहेर आहे, लोकांच्या परसांतून गेलेली. वाड्यावरच्या रस्त्यानं नदीच्या दिशेनं चालताना दोन्हीकडच्या कुंपणांचे चिरे बघत राहा. काही चिरे बाकीच्यांपेक्षा मोठे, कडा गोल झालेले आणि काळवंडलेले आहेत. सावल्या लांबल्या की एखाद्या माडाच्या बागेतला सलग उंचवटाही दिसतो. खासगी परसात विचारल्याशिवाय जायचं नाही. विचारलं तर सहसा कुणी नाही म्हणत नाही, उलट घरातली वडीलधारी माणसं एखादा कोरीव दगड दाखवायला स्वतः उठतात. अशा वेळी काका-मामी, आंकल-आंटी काहीही म्हणा, पण आधी उंबऱ्याबाहेर थांबून हाक मारा.

शेवटी कुशावतीचा काठ. नदी आज अरुंद आणि निवांत दिसते, पण ती खाली झुआरीला मिळते, आणि राजधानी इथं का होती याचं उत्तर त्यातच आहे. समुद्रापासून आत, शत्रूच्या गलबतांच्या नजरेबाहेर, तरीही बंदराशी पाण्यानं जोडलेली जागा. व्यापार वाढला तेव्हा हाच फायदा अडचण ठरला असावा आणि कदंब खुल्या मुखाकडं सरकले. काठाची माती निसरडी आहे, कपडे धुण्याच्या पायऱ्या असतील तिथूनच उतरा.

साडेचार-पाचला मडगावची बस. चांदरला रेल्वे स्टेशनही आहे, पण थांबणाऱ्या गाड्या मोजक्या, त्यावर विसंबून बेत आखू नये.

रविवार: बेतूल आणि सडा

रविवारी बसा कमी असतात. पहिली गाडी हुकली की सगळा दिवस दोन तास पुढं सरकतो आणि खोलगडावर नेमके टळटळीत दुपारी पोचता. म्हणून साडेसहालाच स्थानकावर. चिंचोणे, असोळणा, मग साळ नदीच्या काठानं बेतूल. दुचाकीनं जाणाऱ्यांना चाळीस मिनिटं लागतात, पण त्यांना खोलहून पुन्हा बेतूलला गाडी आणायला यावं लागेल. दोघं असाल तर बसच बरी.

बेतूलचा किल्ला शिवाजी महाराजांच्या आज्ञेवरून १६७९ मध्ये उभा राहिला, बाळ्ळीच्या हवालदारानं तो बांधला. १६७५ मध्ये फोंड्याचा किल्ला घेतल्यानंतर दक्षिणेकडं मराठ्यांचा अंमल पसरला होता, आणि साळच्या मुखावर, पोर्तुगिजांच्या साष्टीच्या अगदी तोंडावर एक डोळा हवा होता. आज उरला आहे तो एक बुरूज आणि एक तोफ. बस्स. लांबून आलेला माणूस इथं खट्टू होतो. पण बुरुजाला पाठ लावून नदीकडं तोंड केलं की जागेची निवड कळते. खाली साळ समुद्राला मिळते, समोर मोबोरची वाळूची जीभ, आणि मुखात साचलेली वाळू. हा पट्टा होड्यांना आजही सतावतो. आत शिरणाऱ्या प्रत्येक होडीला खोल पाण्याच्या चिंचोळ्या वाटेनंच यावं लागतं, म्हणजे बुरुजाच्या माऱ्यातूनच. एक बुरूज का पुरत होता ते इथं उभं राहून उमजतं.

बुरुजाचे चिरे चुन्याशिवाय उरले आहेत. सांध्यात वड-पिंपळ शिरला की पहिली काही वर्षं मूळच भिंत धरून ठेवतं, मग जाड होऊन तीच उकलतं. फुगीर दिसणाऱ्या भागाखाली बसू नका आणि वर चढू नका. अर्धा तास पुरे.

आता चाल. बेतूलहून काणागिणीवरून खोलगड दहा-अकरा किलोमीटर, सगळा डांबरी रस्ता, रविवारी सकाळी जवळजवळ मोकळा. सुरुवातीचा चढ सलग आहे, तो साडेआठच्या आत संपवायचा. वर आलं की सडा. पावसाळ्यात इथं पाण्याची तळी आणि निळ्या-जांभळ्या फुलांचे गालिचे असतात, डिसेंबरात मात्र पिवळं गवत, करवंदीची जाळी आणि काजूची खुरटी झाडं. दगड काळपट, लोखंडाचा अंश भरपूर, आणि तो खालून तापतो. वरचं ऊन टोपी अडवते, खालचं कुणीच अडवत नाही. रस्ता सोडून आडवं जायचा मोह इथं होतो, कारण सडा सपाट दिसतो. तो सपाट नाही. गवताखाली घोट्याएवढी भोकं आणि फटी आहेत, आणि फुरसं अशाच फटींत दगडाच्या रंगात मिसळून बसतं. काडी-विडीही पेटवायची नाही. हे गवत वाऱ्यावर किती वेगानं पेटत जातं, ते एकदा पाहिलेला माणूस विसरत नाही.

काणागिणीला रस्ता खाली उतरतो आणि पुन्हा चढतो. दुसरा चढ पहिल्यापेक्षा छोटा असूनही जास्त दमवतो, कारण तो दहाच्या उन्हात येतो. तिथं दहा मिनिटं सावलीत बसून मीठ-साखरेचं पाणी संपवावं. खोल गावाच्या हद्दीत शिरेपर्यंत साडेदहा-अकरा होतात.

खोलगड

लोक काब द राम म्हणतात, जुनी माणसं खोलगड. वनवासात राम-सीता इथं राहिल्याची कथा आहे. किल्ला सौंदेकर, म्हणजे आजच्या उत्तर कन्नडमधल्या सौंद्याच्या, राजांकडं होता. हैदरअलीनं सौंद्यावर घाला घातला त्या धामधुमीत, १७६३ मध्ये तो पोर्तुगिजांकडं आला. पुढं त्याचं लष्करी महत्त्व ओसरलं तसा त्याचा तुरुंग झाला, तो १९५५ पर्यंत.

गाड्या थेट दरवाजापर्यंत जातात आणि माणसं फोनचा कॅमेरा सुरू करत आत पळतात. तुम्ही थांबा. दरवाजासमोर जो छोटा भराव आहे त्यावर उभं राहून दोन्हीकडं खाली बघा. दोन दिवस शोधत होतो तो खंदक इथं अख्खा आहे. जमिनीकडच्या बाजूनं, सड्याचा दगड सरळ कापून काढलेला, कोरडा, तळाशी झाडं वाढलेली. चिऱ्याच्या मुलखात खंदक खणणं आणि तट बांधणं ही दोन कामं नव्हती, एकच होतं. निघालेला चिरा तिथंच तासून वर चढवायचा. म्हणजे जितका खंदक खोल, तितका तट उंच. चिऱ्याचा एक गुणही इथं कामी आला. जमिनीतून ताजा काढताना तो मऊ असतो, कुऱ्हाडीसारख्या हत्यारानंही तासता येतो, आणि हवा लागली की कडक होत जातो. खंदकाच्या भिंतीवर बारकाईनं पाहिलं तर तासल्याच्या तिरप्या रेघा कुठं कुठं दिसतात.

आत शिरताच सां आंतोनचं पांढरं चर्च. ते वापरात आहे, प्रार्थना चालू असेल तर अंगणाबाहेरून वळसा घालावा. पुढं पायवाटा फुटतात. उत्तरेकडून सुरुवात करावी असं आमचं मत. माथ्यावर ऊन येईपर्यंत तटाचा उघडा भाग उरकतो आणि भर दुपारी मधल्या झाडीत, तळ्याजवळ सावलीत बसता येतं. सगळा फेरा रमतगमत दीड-दोन तासांचा.

बुरुजांवर आणि तटाच्या आतल्या बाजूला लोखंडी तोफा पडल्या आहेत, गाड्यांशिवाय, काही मातीत अर्ध्या गाडलेल्या. मागच्या टोकाजवळ वरच्या अंगाला बारीक भोक शोधा. रंजक, म्हणजे पेटवायची बारीक दारू, भरून बत्ती द्यायची ती जागा. दोन्ही बाजूंना बाहेर आलेले जाड खुंट म्हणजे तोफ गाड्यावर टेकवायचे कान. त्यांवरच तोंड खालीवर करता येई. तोफेवर बसून फोटो काढायची पद्धत पडली आहे, ती सोडावी. खाऱ्या वाऱ्यानं लोखंडाचे पापुद्रे सुटतात आणि दर बैठकीला एकेक निघून येतो. कापडाला लागलेला तो गंज धुऊनही जात नाही, हे आणखी एक कारण.

समुद्राकडच्या बाजूला तट कमी, कारण कडाच तटाचं काम करतो. इथंच अपघात होतात, आणि त्याचं कारण दगडातच आहे. सड्याचा वरचा थर कडक, टोपीसारखा. त्याच्या खाली मऊ, चिकणमातीसारखा रंगीत थर. लाटा आणि झिरपणारं पाणी खालचा थर पोखरतं, वरची फळी अधांतरी पुढं आलेली राहते. वर उभ्या माणसाला ती भक्कम जमीन वाटते. फळी कधी तुटेल ते वरून कळायचा उपाय नाही. कड्यापासून दोन मीटर आत थांबा. कड्याला समांतर गेलेली बारीकशी भेग पायाखाली दिसली, तर भेगेच्या आत आणखी दोन मीटर. तटावर चालतानाही तेच. चिरा सच्छिद्र असल्यानं पाऊसभर पाणी पितो, मागची माती फुगते, आणि भिंत बाहेर ढकलली जाते. पोट सुटलेली भिंत पुढच्या पावसाळ्याची वाट बघत असते. डागडुजी झालेला भाग नव्या चुन्यामुळं ओळखू येतो. चालायचंच असेल तर त्यावरून.

बुरुजाच्या कमानीत किंवा मोठ्या झाडावर आग्या मधमाशांचं पोळं दिसलं तर आवाज न करता मागं फिरा. सिगरेटचा धूर, उग्र अत्तर, आणि अलीकडं ड्रोन, या तिन्हींनी त्या उठतात. उठल्याच तर हात न झाडता, तोंड झाकून, सरळ दाट झाडीत शिरायचं. उघड्या सड्यावर पळणं सर्वांत वाईट. दुखापतीला १०८ लावा, पण रुग्णवाहिकेला या टोकाला यायला वेळ लागतो हे धरून जखम आपणच बांधायची.

मधल्या सखल भागातलं तळं चुकवू नका. किल्ल्याचं आयुष्य तोफांवर नसतं, पाण्यावर असतं. समुद्रात घुसलेल्या या टोकावर गोडं पाणी मिळालं म्हणून शिबंदी राहू शकली, आणि पुढं कैदीही. सड्याची सच्छिद्र टोपी पाऊस पिते, खालचा मातकट थर तो अडवतो, आणि सखल जागी झरा फुटतो. म्हणजे जो थर कडा पोखरायला जबाबदार, तोच तळं भरतो. हे पाणी पिऊ नका, हिरवं शेवाळ आणि गुरांचा वावर आहे. तोंड-हात धुवायला हरकत नाही.

पश्चिमेच्या टोकावरून उत्तरेला साष्टीचा वाळूचा सलग किनारा दिसतो, दक्षिणेला काणकोणचे डोंगर पाण्यात उतरलेले. हवा धुरकट असेल तर दुपारी दोननंतर काही दिसत नाही, म्हणून हे टोक साडेबाराच्या आत.

जेवण दरवाजाबाहेरच्या छोट्या हॉटेलात. मासळी त्या दिवशी होडीनं काय आणलं त्यावर. घाईत असाल तर थाळीऐवजी आमलेट-पाव मागा, थाळीला अर्धा तास लागतो. त्यानंतर ताकद उरली तर किल्ल्याच्या उत्तरेकडच्या पुळणीवर उतरता येतं. वाट गावाच्या बाजूनं पायऱ्यांची, किल्ल्याच्या कड्यावरून नव्हे. कड्यावरून खाली जाणाऱ्या म्हणून ज्या पाऊलखुणा दिसतात त्या गळ टाकणाऱ्यांच्या आहेत, त्यांच्या मागं जाऊ नये. उतरायला पंधरा-वीस मिनिटं, चढायला त्याच्या दीडपट. ओहोटी असेल तरच वाळू रुंद मिळते. भरतीत दोन्ही टोकांचे खडक पाण्याखाली जातात आणि माणूस मधल्या पट्टीत अडकतो. पोहू नका, पाण्याखाली खडक आहेत आणि जीवरक्षक असेलच असं नाही.

गावात परत आल्यावर दारात वाळत टाकलेली मिरची दिसली तर चौकशी करा. खोलची मिरची हीच, डोंगरउतारावर पावसाच्या पाण्यावर होणारी, २०१९ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालेली. रंग गडद लाल, तिखट बेताचं, रेशादाच्या, म्हणजे मासळीला लावायच्या लाल मसाल्याच्या, वाटणाला तोड नाही. बाजारात याच नावानं दुसरंच काही विकतात, त्यामुळं घ्यायची तर इथंच. मोडून बघा. खळकन तुटली तर नीट वाळलेली, वाकली तर घरी जाऊन पुन्हा दोन उन्हं द्यावी लागतील, नाहीतर बुरशी धरते.

परतीच्या बसची वेळ सकाळी पोचल्या पोचल्याच दुकानात विचारून ठेवावी, फलकावर विसंबू नये. मडगावकडं जाणाऱ्या बसा मोजक्या आहेत आणि रविवारी दुपारची एखादी गळते. ती चुकली तर आगोंदमार्गे काणकोण हा दुसरा रस्ता, तिथून मडगावच्या बसा राष्ट्रीय महामार्गानं रात्रीपर्यंत मिळतात. आगोंदपर्यंत रिक्षा ठरवताना भाडं बसण्याआधी बोलून घ्या. चार वाजून गेले की पायी आगोंद गाठायचा विचारही करू नका. रस्ता झाडीतून वळणावळणानं जातो, कडेला पदपथ नाही, आणि सहानंतर तिथं काळोख असतो.